टाकीचं झाकण

लेकीची जुनी मोटारसायकल घरून झोकात निघे आणि चढावर आचके देत बंद पडे. काल मागचा ट्रक वीतभर अंतरावर थांबला, तेव्हापासून आईच्या घशाखाली घास जात नव्हता. बाबांनी प्लग बदलला, कार्बुरेटर धुतला. पण अंगणात बराच वेळ चालवल्यावर इंजिन अडखळलंच. त्यांनी टाकीचं झाकण उघडलं, तशी फुस्सकन हवा आत शिरली आणि इंजिन सावरलं. “झाकणाच्या भोकातून हवा मिळाली नाही, तर पेट्रोल उतरत नाही,” बाबा म्हणाले. “हे काय?” झाकणाखाली प्लास्टिकचा तुकडा घट्ट बसवलेला होता. “पावसाचं पाणी शिरू नये म्हणून मीच लावला,” आई पुटपुटली. “वर रोज ‘सांभाळून जा’ म्हणायचीस,” तो तुकडा उपटून काढत लेक म्हणाली. “बस मागे. चढावर जाऊन बघू.” चढ लागला, मागून ट्रक आला आणि आई डोळे मिटून इंजिन ऐकत राहिली.