यांना विचारायचं

बसल्या जागी गेलेल्या गीताबाईचा एक चांगला फोटो तेरवीसाठी हवा होता. फोटो सगळे वरच्या खोलीत, तिच्या कॉम्प्युटरमधल्या एका फोल्डरमध्ये. खाली आपल्या कृषी केंद्रातल्या, वरच्याशी जोडलेल्या कॉम्प्युटरवरून इंद्रभान तो फोल्डर उघडायला गेले की एकच उत्तर यायचं, तुम्हाला परवानगी नाही. माहेरी जायचं तरी त्यांना विचारल्याशिवाय जिनं कधी पायात चप्पल घातली नाही, तिच्या फोल्डरनं त्यांना दारातच थांबवलं होतं.

“आईनं परवानगीत एकट्या सोताचंच नाव ठेवलं होतं, बाबा. आता तुमचंही टाकलं मी,” वरून खाली आलेली मुलगी अपेक्षा म्हणाली. “पाहा बरं उघडून.”

फोल्डर उघडला. फोटोंच्या शेजारी एक फाईल होती, ‘यांना विचारायचं’. इंद्रभान एकेक ओळ वाचत गेले.

मेहकरले भावाकडं चार दिवस जाऊ का? दोनच म्हणले.

शिवणक्लास लावू का? पुढच्या वर्षी म्हणले.

शेवटच्या ओळीवर मागच्या महिन्याची तारीख होती.



छातीत दुखते, दवाखान्यात जाऊ का? कापूस घरात येऊ दे, मग विचारू.