फायबरच बरं

रूपेशच्या हिशेबात सासऱ्याची मजुरी वाचत होती, आणि तिथेच निकाल लागला. मांडवीच्या वाळूवर पर्यटकांना राहायला कॅरव्हॅन लावायची होती. बाहेरून अॅल्युमिनियमचा पत्रा स्वस्त पडला असता, पण सासरे धोंडूतात्या जन्मभर फायबरच्या होड्या बांधत आलेले. ते जावयाकडे मजुरी मागणार कुठल्या तोंडाने?

तात्यांनी सवयीने गाडीचा तळसुद्धा होडीसारखाच सांधून टाकला. "पाण्याचा एक थेंब आत आला तर मला सांगा, जावईबापू."

थेंब आला नाही. पुनवेच्या उधाणाने मात्र पुण्याच्या पाहुण्यांसकट अख्खी गाडी उचलली आणि डुलत डुलत धक्क्याकडे नेली. तात्यांनीच आपली होडी काढून ती ओढत परत आणली. रूपेश हात जोडून पैसे परत करायला पुढे झाला, तर दारातून पाहुणीने चहाचा कप सावरत विचारलं, "उद्याची फेरी किती वाजता? वेगळे पैसे देऊ आम्ही."

 

"घ्या की," तात्या दोर गुंडाळत जावयाला म्हणाले. "वाळूवरचं भाडं तुमचं, पाण्यावरचं माझं."