पाचरी

"चहा घ्या, आणि मग खुशाल काढा माझ्या बोटीचं काळीज," असं म्हणत केझायाने कप गेराटीपुढे आदळला.

गेराटी बैलगाडीवाला. तसा माणूस वाईट नव्हता. शहरातल्या मालकाचा हुकूम होता की 'एलन जेन' चिखलातून निघत नसेल तर निदान तिचा बॉयलर तरी उचलून आणा. म्हणून तो आला होता. काठावर त्याची लांबलचक गाडी उभी होती आणि बैल शेपट्यांनी माश्या हाकत होते.

दोन्ही अंगांना चाकं असलेली ही आगबोट डार्लिंग नदीत रुतून वर्ष उलटलं होतं. शेतकऱ्यांचे नांगराचे फाळ घेऊन वरच्या गावांना निघाली आणि खालून नदीच आटली. बसली ती नदीच्या अंगाला कलून. खलाशी पांगले. कॅप्टन जेबेझ आणि त्याची बायको केझाया तेवढी राहिली. माणूस किती दिवस तिरकं जगणार? जेबेझने लाकडाच्या पाचरी तासून टेबलाच्या, पलंगाच्या, चुलीच्या नदीकडच्या पायांखाली ठोकल्या. थाळ्या ठेवायच्या भिंतीवरच्या फळ्या उचकटून सरळ मारल्या. जमीन काही सरळ होईना, तेव्हा केझाया एक गुडघा वाकवून चालायला शिकली. आता काठावर गेली तरी तशीच चालायची.

आणि परवा नदी आली. वर आभाळ निळंभोर, पावसाचा थेंब नाही. कुठे तरी शेकडो मैलांवर पडलेलं पाणी काटक्या न् फेस पुढे ढकलत, मुंगीच्या पावलाने आलं. बुजरं वासरू घरी आणावं तशी केझाया त्याच्यापुढे उलटी चालत होती. "ये गं बाई, ये. लाजू नकोस." पाणी मांडीपर्यंत चढलं आणि थांबलं ते थांबलंच. जेबेझने वाफ केली, चाकं फिरवून पाहिली. चिखल उडाला, बोट हलली नाही. तरी त्याने बॉयलरची आग विझू दिली नव्हती.

"मागच्या थंडीतही आलं होतं म्हणतात," गेराटी कपात साखर ढवळत म्हणाला. "आलं, बघून गेलं."

"दिवस मावळेपर्यंत थांब ना," जेबेझ म्हणाला.

"कॅप्टन, पाणी चढलं तर नदी ओलांडता येणार नाही, माझे बैल याच काठाला अडकतील. ओसरलं तर तुम्ही अडकलेलेच आहात. मी का मधल्या मधे मरू?"

केझायाने जेबेझकडे पाहिलं. बॉयलर गेला की उरलं काय, लाकडाचं खोकं! या बोटीवर ती नवरी होऊन आली होती. शहरातल्या भाड्याच्या खोलीत या दोघांना कोण विचारणार होतं?

जेबेझ उठला. खुंटीवरचा मोठा पाना त्याने काढला.

"चल बाबा. वाफ सोडू, मग कुठला नट आधी काढायचा ते दाखवतो. उगाच घाव घालून तिचे हाल नकोत."

केझाया पाठ फिरवून चुलीशी उभी राहिली. तिला ते बघायचं नव्हतं. तेवढ्यात मागे काही तरी घासल्याचा आवाज झाला.

"गेराटी, टेबल हलवू नका हो!" ती वळून ओरडली.

"मी कुठे हलवतोय?" गेराटीने दोन्ही हात वर केले.

कप आपल्या आपण सरकत होता. साखरेच्या डब्याला वळसा घालून तो टेबलाच्या कडेला आला आणि गरम चहासकट गेराटीच्या मांडीवर पडला.

"अगं आई गं! मेलो!"

कोणी हसलं नाही. जेबेझ पाना धरून तसाच उभा राहिला.

"केझाया, तो कुठल्या अंगाला पडला?"

"काठाकडे," ती म्हणाली. या घरात वर्षभर जे काही सांडलं होतं ते नदीकडे सांडलं होतं.

मग जमिनीखालून आवाज आला, चिखलातून बैल पाय उपसतो तसा, पण लांबलचक. सरळ ठोकलेल्या फळ्यांवरून सगळ्या थाळ्या खळाळा खाली आल्या. जेबेझने पाना फेकला आणि पोरासारखा यंत्राकडे पळाला. चाक फिरलं. या वेळी नुसतं पाणी उडालं.

गेराटीने ओल्या विजारीनिशी काठावर उडी ठोकली, कारण काठावर उतरायची फळी केव्हाच पाण्यात गेली होती. बैलांचं जू सोडता सोडता तो ओरडला, "अडकवलंत की मला! आता मालकाला काय सांगू?"

"सांगा, बॉयलर कामात आहे म्हणून!" केझाया बोटीच्या कठड्याशी येऊन ओरडली.

गेराटी कपाळाला हात लावून हसला. कुणाचं घर मोडायचं टळलं म्हणून त्यालाही बरंच वाटलं असावं.

केझाया आत आली आणि सपाट जमिनीवर दोनदा धडपडली. गुडघा वाकायचा राहीना. रडत होती की हसत होती, तिचं तिलाच कळत नव्हतं. थाळ्यांच्या तुकड्यांत बसून तिने टेबलाखालच्या, पलंगाखालच्या, चुलीखालच्या पाचरी कलथ्याने ठोकून काढल्या, ओच्यात भरल्या आणि बॉयलरपाशी नेल्या.

जेबेझने तिच्या ओच्यात डोकावून पाहिलं. "दोन-चार ठेव गं. नदीचा काय भरवसा? पुन्हा रुतलो म्हणजे?"

"रुतलो तर तिरके बसून जेवू," केझाया म्हणाली आणि तिने सगळा ओचा आगीत रिकामा केला.