मावशीने निवडलेली शाळा

“आता गाडी खाली सोडायची, पण गिअरमध्ये,” ट्रक शिकवणाऱ्या शाळेचे मास्तर शिकाऊ मुलाला म्हणाले. “उतारावर ज्यानं न्यूट्रल केलं, त्याला मी तिथंच खाली उतरवतो. मग तो जाणे आणि त्याचे पाय जाणे.”

केबिनमध्ये मागच्या बाकावर अंग चोरून बसलेल्या मावशीला नवरा आठवला. त्याला कुणी वेळेवर असं उतरवलं असतं तर? डिझेल वाचावं म्हणून त्यानं घाटात न्यूट्रल टाकलं, ब्रेक तापले आणि ट्रक दरीत गेला. माणूस घरी आला तो पांढऱ्या कापडात.

“तुमच्याकडची मुलं परीक्षेत पास होतात का हो?” तिनं विचारलं.

“वेळ लागतो. हात बसल्याशिवाय मी कुणाला परीक्षेला पाठवत नाही. पण पाठवला की पास, बाई. तुमचा मुलगा निर्धास्त सोडा माझ्याकडे.”

मावशीनं मान डोलावली आणि घरी येऊन मुलाला बिनदिक्कत सांगितलं, “जागाच नाही म्हणे तिथं.”

गणवेश शिवून तिनं वाढवलेला हा एकुलता एक मुलगा. लहानपणी तोंडानं हॉर्न वाजवत घरभर पळायचा म्हणून सगळी गल्ली त्याला भोपू म्हणायची. बाप गेल्यावर तरी याचं ट्रकचं वेड जाईल असं तिला वाटलं होतं. कसलं काय! काकाचे ट्रक होते. हेवीचं लायसन्स आण आणि गाडीवर बस, असं काकानं सांगून ठेवलेलं. मायलेकांची रोज वाजायची. शेवटी भोपूनंच तोड काढली.

“आई, एकदाच परीक्षा देतो. नापास झालो तर गुमान मामाच्या दुकानात बसेन, पुन्हा ट्रकचं नाव काढणार नाही. आणि शाळा तू निवड. तुझ्या मनासारखी. मग तर झालं?”

झालं म्हणजे काय, मावशीला आयतंच हाती लागलं. तिला चांगली शाळा नकोच होती. जिथं पोराला काडीचं काही शिकवणार नाहीत आणि तो पहिल्याच फटक्यात आपटेल, अशी एखादी शाळा तिला हवी होती. दुसऱ्या शाळेत एक बाई शिकवायच्या. एकेका मुलाकडून त्या ट्रक मागे घेण्याचा असा सराव करून घेत, की बघणाऱ्याला घाम फुटावा. मावशीनं त्यांच्या नावावरही फुली मारली.

शाळांचा हा शोध सुरू झाला आणि नवरा घरात दिसायला लागला. तोही भर दुपारी. ती मशीनवर वाकलेली असायची आणि तो दारात, चौकटीला हात टेकून. लांबच्या फेरीला निघताना असाच उभा राहायचा, आपण काय विसरलो ते आठवत. बोलायचा नाही. डिझेलचा वास तेवढा यायचा. मावशी भ्यायली नाही असं नाही, पण सुई थांबवायची नाही.

“पोराला न्यायला आला असाल तर तसेच माघारी फिरा,” ती खालमानेनं म्हणायची. “तुम्ही गेलात तेवढं पुरे.”

तिसरी शाळा बघितली आणि तिचा जीव भांड्यात पडला. अंगणात ट्रक होता, पण विटांवर. चाकं नव्हती. चालक-मालक सगळं एकच. लोक त्यांना शेठ म्हणत. शेठ खुर्चीत पाय पसरून शेंगा सोलत बसले होते. एक मुलगा आला, फोटो देऊन गेला. दुसरा आला, सही करून गेला. विटांवरच्या ट्रककडे कुणी ढुंकून बघितलं नाही.

“गाडी कधी चालू होणार?” मावशीनं विचारलं.

“होईल की. घाई काय आहे?”

“आणि परीक्षेचं काय? जमेल का माझ्या मुलाला?”

“त्याची काळजी तुम्ही करायची नाही, मावशी. ते आमच्यावर सोडा.” शेठनी मूठभर शेंगा पुढे केल्या. “घ्या.”

बढाया मारायला काय जातंय, असं मनात म्हणत मावशीनं शेंगा घेतल्या आणि तिथल्या तिथं मुलाचं नाव घातलं.

मग दिवस बरे गेले. भोपू संध्याकाळी आला की ती विचारायची, “आज काय शिकवलं?”

“काही नाही. शेठ झोपले होते.”

“असू दे. हळूहळू शिकवतील.” वरून हे म्हणताना तिला आतून उकळ्या फुटायच्या. भावाला तिनं निरोपही धाडला, गल्ल्याशेजारी एक खुर्ची रिकामी करून ठेव म्हणून.

एकच गोष्ट तिला कळेना. आता सगळं मार्गी लागलं होतं, तरी नवरा दारातून हलेना. उलट तो आत आला, मशीनच्या पलीकडे येऊन उभा राहिला. तिच्याकडे असा बघत होता की तिचा धागा तुटला.

“अहो, वाचवलं ना मी त्याला? मग आता कशाला अडलाय जीव? जा की!”

तो गेला नाही. तेवढ्यात भोपू धावत आत शिरला आणि त्यानं आईच्या कमरेला मिठी घालून तिला गरकन फिरवलं.

“चल, चल, बॅग भर माझी! काकाचा ट्रक कोपऱ्यावर उभा आहे. घाटापलीकडं माल पोचवायचाय. त्यांचा ड्रायव्हर आजारी पडलाय, आता मीच नेणार.”

“तू? अरे, स्टिअरिंगला हात तरी लावलायस का कधी?”

“येईल चालवता चालवता.” त्यानं खिशातून कोरं करकरीत लायसन्स काढून तिच्या हातावर ठेवलं.

मावशीनं ते उलटंपालटं करून बघितलं. “आणि परीक्षा? परीक्षा कधी झाली?”

“शेठच्या शाळेतल्या कुणाची परीक्षा होतच नाही, आई, सगळं परस्पर होतं,” भोपू हसत म्हणाला. “एवढी सोयीची शाळा तू हुडकलीस तरी कशी?”