चवीची वही

"खळ चांगली घट्ट होऊ द्या, बाई. पानं उघडता कामा नयेत," मुख्याध्यापकांनी शाळेच्या स्वयंपाकखोलीच्या उंबऱ्याबाहेरूनच फर्मावलं.

सुभद्राबाईंकडून खिचडीचं काम आठवड्यापूर्वीच काढून घेतलं होतं; शाळेतली वरकामं तेवढी उरली होती. यांच्या हातचं आमची पोरं खाणार नाहीत, असं गावातली चार वजनदार माणसं बजावून गेली होती आणि सरांना वाद मानवत नसे. तशी त्यांनी स्वतःही ती खिचडी कधी तोंडात घातली नव्हती. पोरांना वाढण्याआधी चव घेऊन वहीत सही करायची असा नियम होता. सरांनी वर्षभर नुसत्या सहीवर भागवलं होतं.

आता त्याच माणसांना सातवीच्या पुस्तकातला अस्पृश्यतेचा धडाही नको होता. "बरोबरच आहे. जुनी खपली कशाला काढायची? आपल्या गावात असलं काही उरलंय का?" सर म्हणाले. सुभद्राबाईंनी खिचडीच्याच पातेल्यात शिजवलेली खळ लावून चाळीस पुस्तकांतली ती पानं चिकटवून टाकली.

सर तपासायला बसले. बोट जिभेला लावल्याशिवाय त्यांना पान उलटताच येत नसे. जीभ, पान, ओली खळ, पुन्हा जीभ, असं करत त्यांनी चाळीसच्या चाळीस पुस्तकं पाहिली आणि शेवटी ओठही चाटले.

सुभद्राबाईंनी कपाटातून चवीची वही काढून त्यांच्यापुढे उघडी ठेवली.

"करा सही, सर. आज पहिल्यांदाच खरी होईल."