पूल कधी?

टीव्हीवरच्या विनोदी कार्यक्रमात नट आमदारांची नक्कल करत होता. एकाच पुलासाठी चौथ्यांदा नारळ फोडताना तो नारळालाच म्हणाला, "आपण आधी भेटलोय ना?" केतकी खोखो हसली. वीस वर्षं त्याच आमदारांचा प्रचार करणाऱ्या तिच्या आईने, वासंतीताईंनी, टीव्ही बंद केला.

"यंदा पहिलं मत देणार आहेस आणि हसतेस कसली?"

"पण आई, पूल झाला का?"



दुसऱ्या दिवशी खाडीकाठच्या प्रचारसभेत आभार मानायला वासंतीताईंच्या हातात माईक आला, तेव्हा त्यांनी विचारलं, "साहेब, पूल कधी?"

आमदार घड्याळ बघत उठले.

आजवर एकाही सभेला न आलेली केतकी मैत्रिणींसह मंडपाच्या मागच्या रांगेतून उठून उभी राहिली. "बसा साहेब, आई विचारतेय."