दुसरी कळी

दिरांनी आणलेल्या ऑर्किडला नावाची पट्टी नव्हती. फुलल्याशिवाय जात ओळखता येत नाही, म्हणून सात वर्षं मी ते काचघरात एकटीने वाढवलं. आज पहिलं फूल उमललं. मधल्या पाकळीला चक्क कानाची पाळी होती, लहानपणी फाटलेल्या माझ्या पाळीसारखीच.

ही दिरांचीच खोडी असणार. मागेही त्यांनी कागदी फूल चिकटवून मला फसवलं होतं. मी वनस्पतिशास्त्राच्या सरांना बोलावलं.

सरांनी भिंगातून बराच वेळ पाहिलं. "कुणी काही केलेलं नाही, ताई. हे असंच उगवलंय."

"मग जात कुठली?"

"काही ऑर्किड सोंग घेतात. ज्या कीटकाला बोलवायचं, त्याच्याच जातीचं." त्यांची नजर माझ्या कानावर थांबली. काहीच न लिहिता त्यांनी वही मिटली. "इथे आणखी कोण येतं?"

"कुणी नाही. लेकीला तर इथल्या वासानेच मळमळतं. ती दारातूनच परत फिरते."

"ती दुसरी कळी बघा."

आम्ही बोलत असतानाच ती उमलली होती. आत एक इवलीशी हनुवटी होती, खळीत तीळ असलेली. लेकीची.

मागे दाराची कडी वाजली.

"आई, किती छान वास येतोय गं! येऊ का आत?"